गोळ्यांचं पाकीट बाजूला ठेव, आधी आजीबद्दल सांग

ऐरोलीहून आलेलं पत्र :

‘डॉक्टरताई, मी २९ वर्षांची आहे, आयटी कंपनीत नोकरी करते. मला पीसीओडी आहे. पाळी दोन-दोन, कधी तीन महिने येत नव्हती, म्हणून वर्षभरापूर्वी गायनॅकनी हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. पाळी वेळेवर यायला लागली, चेहऱ्यावरचे फोडही गेले. पण चार महिन्यांपूर्वी माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ती ४५ वर्षांची आहे. परळला टाटात उपचार चालू आहेत. रिपोर्टवर “ईआर पॉझिटिव्ह” असं आहे आणि हा इस्ट्रोजेनवर वाढणारा कॅन्सर आहे असं तिला सांगितलं. मी माझ्या पाकिटावर पाहिलं तर एथिनिल इस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेनच! घाबरून मधूनच गोळ्या बंद केल्या, सोयाबीनही बंद केलं. पाळीच्या आधी छाती दुखते, तेव्हा झोप लागत नाही. इस्ट्रोजेनची रक्ततपासणी करून घेऊ का? आई म्हणते, लवकर लग्न करून मूल होऊ दे, धोका टळतो. आमच्या घरात तसा आधी कोणाला कॅन्सर नव्हता. आजी, म्हणजे आईची आई, पन्नाशीतच गेली, पण तिच्या पोटात पाणी झालं होतं, ते वेगळं. मावशीकडे या विषयावर बोललेलं चालत नाही, तिच्या मुलीसाठी स्थळं बघतायत. माझ्या शरीरातच विष तयार होतंय का हो?’

तुझ्या पत्रात गोळ्यांबद्दल बरंच काही आहे आणि आजीबद्दल एकच ओळ. ती ओळ मी तीनदा वाचली. त्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, पण तू ज्या प्रश्नानं जागी राहतेस त्याचं उत्तर आधी देते.

नाही, विष तयार होत नाही. इस्ट्रोजेनमुळे तुझी हाडं मजबूत राहतात, पाळी येते, वयात येताना छाती वाढते. ते शरीरात असायलाच हवं. पण स्तनाच्या कर्करोगाशी त्याचं नातं आहे, हेही खरं, आणि ते नातं नीट समजलं की भीती आपोआप आटोक्यात येते.

स्तनात दुधाच्या बारीक नलिका असतात. त्यांच्या आतल्या काही पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. इस्ट्रोजेन त्याला जाऊन चिकटलं की त्या आणि शेजारच्या पेशींना विभाजनाचा संदेश जातो. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर अंडाशयात तयार होणारं दुसरं हॉर्मोन) दोन्ही जास्त असतात आणि तेव्हा हे विभाजन सगळ्यात जोरात चालतं. प्रत्येक विभाजनात डीएनएची नवी प्रत तयार होते, त्यात चुका होतात, बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते आणि क्वचित एखादी राहून जाते. हे एका महिन्यात घडत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं. शिवाय आधीच बिघडलेली एखादी पेशी रिसेप्टरवाली असेल, तर इस्ट्रोजेन तिलाही वाढायला मदत करतं. मावशीच्या रिपोर्टवरच्या ‘ईआर पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की तिच्या गाठीच्या पेशींत हा रिसेप्टर सापडला. इस्ट्रोजेन जास्त झालं म्हणून तिला कर्करोग झाला, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट उपचाराच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे. १८९५ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं, इस्ट्रोजेन हे नावही कोणाला माहीत नव्हतं त्या काळात, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका तरुण बाईची अंडाशयं काढली आणि तिच्या गाठी विरघळत गेल्या. मावशीला टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू होईल किंवा झाली असेल, ती ऑपरेशन न करता तेच काम करते. स्तनातल्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला तिथे जागा मिळू देत नाही.

म्हणून पाळीची वर्षं मोजली जातात. जगभरातल्या ११७ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी एक वर्ष लवकर सुरू झाली तर धोका साधारण ५ टक्क्यांनी वाढतो आणि एक वर्ष उशिरा गेली तर साधारण ३ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात पाळी उशिरा यायची, मग एकापाठोपाठ बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षं अंगावर. त्यांना एकूण पाळ्या तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी कमी आल्या. यात तुझा दोष काहीच नाही आणि हे बदलणं तुझ्या हातातही नाही.

रक्ततपासणीचं विचारलंस. करू नकोस. पाळी चालू असलेल्या बाईचं इस्ट्रोजेन एकाच महिन्यात कितीतरी पटींनी वर-खाली होतं. तू मंगळवारी गेलीस तर एक आकडा येईल आणि पुढच्या मंगळवारी गेलीस तर दुसराच. त्यावरून कर्करोगाचा धोका सांगता येत नाही, पैसे मात्र जातात आणि रिपोर्टमध्ये काही ठळक छापून आलं की आणखी दोन रात्री झोप जाते.

आता गोळ्या. पाळीसाठी तुला दिलेल्या या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच. इस्ट्रोजेन असलेल्या अशा गोळ्यांनी धोका वाढतो का? थोडा वाढतो. हे कोणी तुझ्यापासून लपवू नये. डेन्मार्कमध्ये १५ ते ४९ वयाच्या सुमारे १८ लाख बायकांवर जवळपास ११ वर्षं नजर ठेवून २०१७ मध्ये निष्कर्ष आले. हॉर्मोनची गर्भनिरोधक साधनं वापरणाऱ्यांमध्ये, म्हणजे नव्या, कमी डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्येही, धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त होता. ‘२० टक्के’ वाचलं की माणूस पाकीट खिडकीतून बाहेर फेकतो. पण २० टक्के कशाचे? तुझ्या वयात मुळातला धोकाच खूप कमी असतो. त्याच अभ्यासात ३५ वर्षांखालच्या ५०,००० बायकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर त्यांच्यात साधारण एक रुग्ण जास्त आढळेल, असा हिशेब निघाला. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम खच्चून भरल्यावर जेवढी माणसं दिसतात, जवळपास तेवढ्या बायका डोळ्यांसमोर आण. त्यांच्यात वर्षाला एक. गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर हा आकडा वाढतो, बंद केल्यावर हळूहळू उतरतो. याच गोळ्यांनी अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि तो फायदा गोळ्या थांबवल्यावरही बरीच वर्षं टिकतो.

नातेवाइकाला स्तनाचा कर्करोग झाला आहे, एवढ्यावरून गोळ्या बंद कराव्यात असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही सांगत नाहीत. बाईला स्वतःला तो आजार असेल तर मात्र या गोळ्या अजिबात चालत नाहीत. तुझ्याशी समोरासमोर बोलताना मी वेगळेच प्रश्न विचारले असते. बीपी किती आहे, सिगारेट ओढतेस का, पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचम दिसते का. या गोळ्यांबाबतीत तुझ्या वयात जास्त जपायचं ते इथे.

आणि पीसीओडीमध्ये एक गोष्ट उलटी आहे, ती तुझ्या गायनॅकनी सांगितली नसेल तर मी सांगते. तुझ्या अंडाशयातून महिनोन्महिने बीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच असतं. त्याला अडवायला कोणी नाही म्हटल्यावर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. वर्षानुवर्षं पाळी न येणाऱ्या बाईला त्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणजे पीसीओडीमध्ये इस्ट्रोजेनची काळजी करायची ती गर्भाशयासाठी, आणि तू बंद केलेली गोळी नेमकं त्याचंच रक्षण करत होती, कारण तिच्यात इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं औषधही असतं. तुला इस्ट्रोजेनची गोळी मनापासून नकोच असेल तर त्यावर मार्ग आहेत. ठरावीक महिन्यांनी दहा-बारा दिवस फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊनही पाळी आणता येते. पण हा निर्णय गायनॅकसमोर बसून घ्यायचा. घरी उरलेलं अर्धं पाकीट आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नकोस, आणि या चार महिन्यांत गर्भ राहण्याची शक्यता असेल तर आधी ती तपासणी कर.

आता आजी.

‘पोटात पाणी झालं’ हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. यकृत खराब झालं तरी पाणी होतं, पोटाच्या क्षयातही होतं, आणि अंडाशयाच्या कर्करोगातही होतं. वीस वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या बाईचं पोट फुगायला लागलं, दोन-तीनदा पाणी काढलं आणि ती गेली, एवढंच घरच्यांच्या लक्षात राहतं. नेमकं काय झालं होतं ते कागदावर असतं, पण कागद गावच्या ट्रंकेत किंवा कुठेच नसतात. आजीला अंडाशयाचा कर्करोग होता असं मी म्हणत नाही. पण आईला पन्नाशीत अंडाशयाचा कर्करोग आणि मुलीला ४५ व्या वर्षी स्तनाचा, अशी जोडी एका घरात असेल तर डॉक्टर लगेच बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा विचार करतात.

ही जनुकं आपल्या सगळ्यांकडे असतात. डीएनए तुटला की तो नीट जोडणं हे त्यांचं काम. एखाद्या घरात त्यांची सदोष प्रत पिढ्यान्पिढ्या येत राहते. मग पेशी विभाजित होताना ज्या चुका एरवी दुरुस्त झाल्या असत्या त्या राहून जातात, आणि इस्ट्रोजेनमुळे होणारं रोजचं विभाजन अशा बाईला जास्त महागात पडू शकतं. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अशा कुटुंबांच्या मोठ्या पाहणीत, दोष असलेल्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांना ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो असं २०१७ मध्ये दिसलं. हा आकडा गोळीच्या त्या आकड्याशेजारी ठेवून बघ. भीती कुठे खर्च करायची ते तुला कळेल. आणि लगेच हेही वाच : स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत फार तर पाच-दहा जणींमध्ये तो असा आनुवंशिक असतो. तुझ्या घरात तसं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. पण शोधून बघायला हवं.

चाचणी तू आधी करायची नाहीस. ती मावशीची व्हायला हवी, कारण आजार तिला झाला आहे. दोष असेल तर तिच्यात सापडेल आणि मग बाकीच्यांना नेमका तोच शोधता येईल. तू आधी केलीस आणि काही सापडलं नाही, तर तुझ्यात दोष आलाच नाही की घरात वेगळंच काही आहे, हे कळणार नाही. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला ही चाचणी सुचवली जाते. कदाचित तिच्या डॉक्टरांनी सुचवलीही असेल आणि घरी कोणी बोललं नसेल. मावशीच्या स्वतःच्या उपचारालाही तिचा उपयोग आहे, दुसऱ्या बाजूच्या स्तनाचं आणि अंडाशयाचं काय करायचं हे त्यावर ठरतं. खारघरला टाटा मेमोरियलचंच ॲक्ट्रेक केंद्र आहे, तिथे आनुवंशिक कर्करोगासाठी वेगळा विभाग आहे. ऐरोलीहून पनवेल लोकलनं थेट जाता येतं. जायच्या आधी खर्च आणि वेळ विचारून घे.

स्थळांमुळे बोलायचं नाही, हे मी ठाण्यात इतक्या घरांतून ऐकलं आहे की त्यावर मऊ बोलणं आता मला जमत नाही. मावशीत दोष निघाला तर तो तिच्या मुलीत असण्याची शक्यता निम्मी आहे. तुझ्या आईतही साधारण तेवढीच, आणि तुझ्यात त्याच्या निम्मी. म्हणजे ज्या मुलीच्या लग्नासाठी सगळे गप्प आहेत, त्या गप्प बसण्याची किंमत सगळ्यात जास्त तिलाच मोजावी लागू शकते. दोष आहे हे वेळेवर कळलेल्या मुलीला २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय करून घेता येतो, पुढे अंडाशयं कधी काढायची ते ठरवता येतं, कर्करोग झालाच तर तो लहान असताना पकडता येतो. तू मावशीकडे एकटी जा. पाहुण्यांसमोर नको, काकांसमोरही नको. ‘मला माझ्या डॉक्टरनं विचारायला सांगितलंय’ असं माझं नाव पुढे कर. फाइलची झेरॉक्स माग. आजीबद्दल आईला आणि मावशीला दोघींना विचार : कुठल्या हॉस्पिटलात होती, पाणी किती वेळा काढलं, पिशवीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं होतं का, तिच्या बहिणींचं काय झालं. आणि वडिलांकडचंही विचार. आत्या, वडिलांची आई. हे दोष बापाकडूनही तितकेच येतात, पण बाबांच्या घरच्या बायकांच्या आजारांची चौकशी कोणी करत नाही.

मावशीत दोष सापडला आणि पुढे तुझ्यातही निघाला, तर गोळ्यांचा प्रश्न पुन्हा उघडायचा. तेव्हा अंडाशयासाठी फायदा आणि स्तनासाठी शंका अशी दोन्हीकडची बाजू असते आणि ती त्या विषयातल्या डॉक्टरांबरोबर बसून तोलायची. आज त्यासाठी अडून बसायची गरज नाही.

आईच्या सल्ल्यामागे माया आहे, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. मुलं झालेल्या आणि त्यांना अंगावर पाजलेल्या बायकांना आयुष्यभराचा विचार करता हा कर्करोग कमी होतो. पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. पण आईला हेही सांग, की बाळंतपणानंतर काही वर्षं धोका थोडा वाढतो, पाचेक वर्षांनी तो सगळ्यात जास्त असतो आणि फायदा दिसायला जवळपास चोवीस वर्षं जावी लागतात. त्यात पहिलं मूल तिशीनंतर झालं तर फायदा आणखी कमी. म्हणून मूल तुला आणि तुझ्या जोडीदाराला हवं असेल तेव्हा व्हावं. कर्करोग टाळायला कोणी घाईनं लग्न करू नये.

सोयाबीन खा. त्यातली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं फार क्षीण असतात, आणि लहानपणापासून सोया खाणाऱ्या चीन-जपानमधल्या बायकांमध्ये धोका वाढलेला दिसत नाही, उलट कमी दिसतो. दारूचं मात्र उलट आहे. ती इस्ट्रोजेनही वाढवते आणि धोकाही, अगदी थोडी घेतली तरी. शनिवारी मैत्रिणींबरोबर घेत असशील तर सोयाबीन सोडण्यापेक्षा ती सोड. वजनाचं गणित वयानुसार फिरतं. पाळी गेल्यावर चरबीतच इस्ट्रोजेन तयार होतं, त्यामुळे तेव्हा जास्तीचं वजन धोका वाढवतं. तरुणपणी तसं दिसत नाही, पण पीसीओडीसाठी तुला चालायचंच आहे, तेव्हा आताच सुरुवात कर.

छाती दुखण्याचं. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जडपणा, ठणका आणि पाळी आली की उतार, हे हॉर्मोनच्या चढउताराचं दुखणं आहे. फार बायकांना होतं, आणि नुसतं दुखणं हे कर्करोगाचं लक्षण क्वचितच असतं. पाळी सुरू झाल्यावर पाच-सात दिवसांनी आंघोळीच्या वेळी हात फिरवून आपली छाती ओळखीची करून घे. नवी गाठ लागली आणि पुढच्या पाळीनंतरही तिथेच असली, कातडी ओढली गेली, बोंड आत गेलं किंवा त्यातून रक्तासारखं पाणी आलं, तर थांबू नकोस. तुझ्या वयात गाठ बहुधा फायब्रोअॅडिनोमाची, म्हणजे साधी असते, पण ते ठरवायचं डॉक्टरनं, सोनोग्राफीनं आणि गरज पडली तर सुईनं तुकडा घेऊन. तरुण बायकांना ‘या वयात काही नसतं’ म्हणून परत पाठवलं जातं, ते ऐकून गप्प बसायचं नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर दिसतो, आणि तरुण वयात होणाऱ्या कर्करोगांत इस्ट्रोजेनशी संबंध नसलेले, रिसेप्टर नसलेले प्रकारही बरेच असतात. मॅमोग्राफी तुला आत्ता नको. या वयात स्तन घट्ट असतात, फोटोत नीट दिसत नाही. मावशीचा रिपोर्ट आल्यावर कधी आणि काय करायचं ते ठरेल.

एका व्यक्तीची तपासणी मात्र थांबायला नको, तुझ्या आईची. तिची बहीण आजारी आहे, ती स्वतः पन्नाशीच्या आसपास असणार आणि पत्रात तिच्या तपासणीचा शब्दही नाही. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं एक मोठा प्रयोग केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीनशिवाय, नुसत्या शिकलेल्या हातांनी. आईला याच महिन्यात घेऊन जा. ठाण्याच्या किंवा वाशीच्या सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते, आणि तिच्या बाबतीत मॅमोग्राफीही करून घ्यायला हरकत नाही. ती नको म्हणेल, ‘मला काही होत नाही’ म्हणेल. मग तिला सांग की तुझी पुढची तपासणी तिच्या रिपोर्टवर अवलंबून आहे, हे खोटं नाही.

गोळ्या सोडल्यापासून पाळी आली की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. आली नसेल तर या आठवड्यातच गायनॅकची वेळ घे आणि जाताना हे पत्र बरोबर ने. मावशीच्या फाइलची झेरॉक्स मिळाली की मला पुन्हा लिही.